आई-बाबा, धंदा करा, पण आधी हे वाचा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी फसवणुकीचा विषय काढला की बाबा म्हणतात, "आम्ही काय कुकुले बाळ आहोत काय?" आणि आईचा कुकर नेमका तेव्हाच होतो. म्हणून पत्र.

आधी एक सांगते, धंदा कराच. आईच्या मूगवड्या आणि भिवापुरी मिरचीचं तिखट नागपुरातला अख्खा मानेवाडा इतकी वर्षं फुकट खातोय, आता पैसे देऊन खाऊ द्या. मला धंद्याची काळजी नाही, धंदा सुरू केल्याबरोबर दारात येणाऱ्या माणसांची आहे. नवीन धंदेवाल्याला दोनच गोष्टींची घाई असते, कागद लवकर हातात यावेत आणि पहिली मोठी ऑर्डर यावी. चोराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो नेमकं तेच घेऊन येतो.

बाबांनी मला पाठवलेला तो मेसेज. 'उद्यम सर्टिफिकेट, २,९९९ रुपये, आज रात्री १२ पर्यंत न भरल्यास अर्ज रद्द.' वर अशोकस्तंभ, खाली जीमेलचा पत्ता. बाबा, तुम्ही उभी नोकरी बिलं तपासण्यात घालवलीत. जावक क्रमांक नसलेलं पत्र तुम्ही टेबलावर तरी ठेवू दिलं असतं का? उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार नंबरवर घरबसल्या होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. (ती आपल्याला लागेल का, ते सीएंना विचारू. माल राज्याबाहेर पाठवायचा की नाही, यावर बरंच अवलंबून आहे.) खाण्याच्या जिनसांसाठी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) नोंदणी मात्र हवीच. आपल्याएवढ्या घरगुती कामाला तिची फी वर्षाला १०० रुपये, आणि मिळतो तो १४ आकडी नंबर. आता हे गूगलवर शोधायला गेलं की सगळ्यात वर बऱ्याचदा खासगी एजंटांच्या साइट दिसतात, तिरंगा वगैरे लावून. बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित', म्हणजे जाहिरात, असं लिहिलेलं असतं, ते चष्मा लावून बघा. या तिन्ही नोंदण्यांच्या सरकारी साइटचा पत्ता 'गव्ह डॉट इन'वर संपतो, तसा नसेल तर ती सरकारी नाही. एजंट लावूच नका असं नाही म्हणत, पण लावायचाच तर बर्डीवर (सीताबर्डीला) ज्याचं दुकान आहे, ज्याच्या काउंटरवर जाऊन भांडता येईल, असा लावा.

आता ती ऑर्डर. आई, तू सांगितलंस की 'कामठी छावणीतल्या साहेबांचा' फोन होता, ४० किलो मूगवड्या हव्यात म्हणाले, भावही केला नाही. भाव न करता ४० किलो घेणारं गिऱ्हाईक तू इतवारीच्या बाजारात कधी पाहिलंस? हा प्रकार देशभर जुना आहे. व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो असतो, ओळखपत्र पाठवतात, बोलणं एकदम अदबीचं. मग म्हणतात, "मॅडम, आर्मी का पेमेंट सिस्टम अलग होता है. पहले आप एक रुपया भेजिए, हम दो भेजेंगे." एकाचे दोन खरंच येतात, आणि तिथेच माणूस फसतो. पुढे एक क्यूआर येतो, 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. आई, एवढं एक फ्रिजवर चिकटवून ठेव: पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, लिंक लागत नाही. ज्याला द्यायचे आहेत तो तुझा क्यूआर स्कॅन करेल. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याला 'पैसे द्या' अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआरचा धंदा चालूच आहे.

दुसरा प्रकार सोज्वळ दिसतो. गिऱ्हाईक ८०० चं सामान घेतं आणि 'चुकून ८,००० गेले' म्हणून रडकुंडीला येतं. स्क्रीनशॉट असतो, बँकेसारखा मेसेजही असतो. मुलगी दवाखान्यात आहे, बाकीचे लगेच परत करा. आई विरघळणार, मला माहीत आहे. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, आणि स्क्रीनशॉट तर आपली चिऊसुद्धा बनवेल. बँकेचं अॅप उघडून जमा दिसली तरच जमा. आणि खरंच जास्त आले असतील तर त्याला म्हणावं, तुझ्या बँकेत तक्रार कर, बँक बघून घेईल.

यासाठीच बाबांच्या पेन्शनचं खातं या धंद्याला अजिबात जोडायचं नाही. वेगळं खातं उघडा, यूपीआय फक्त त्याला जोडा, त्यात थोडीच रक्कम ठेवा. दुसरंही कारण आहे. कुणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरत फिरत आपल्याकडे मूगवड्यांचे म्हणून आले, तर तपासात आपलंही खातं गोठू शकतं. पेन्शनचं खातं गोठलं तर बाबांच्या गोळ्यांचं काय? म्हणून बिलबुक ठेवा, कुणाला काय पाठवलं ते लिहा. बाबांना तेवढंच काम.

पार्सल पाठवायला लागलात की आणखी एक फोन येईल: तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय, व्हिडिओ कॉलवर बसून राहा, कुणाला सांगू नका. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असं काही नाहीच. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, बाबा, तुमचा तर एकही रविवार चुकत नाही. घाबरायचं नाही, फोन ठेवायचा आणि मला लावायचा. 'कुणाला सांगू नका' म्हटलं की आधी मला सांगायचं.

शेजारच्या काकूंच्या पेन्सिल पॅकिंगवाल्याला नंबर देऊ नका. घरबसल्या महिन्याला ३० हजार, आधी फक्त नोंदणी फी. पेन्सिली काही येत नाहीत. 'गूगलवर पहिल्या पानावर आणतो', 'आठ दिवसांत ऑनलाइन व्यवसाय शिकवतो' हेही त्याच गोत्रातले. मदत करतो म्हणून कुणी स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावलं किंवा व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अॅप टाकणारी) पाठवली, तर उघडायचीही नाही.

आणि बाबा, 'आम्ही लहान आहोत का' याचं उत्तर. २०२३ चं गोंदियाचं ते ऑनलाइन जुगाराचं प्रकरण आठवतं ना? पेपरात किती दिवस चाललं होतं. नागपूरच्या त्या व्यापाऱ्याची तक्रार ५८ कोटींना फसवल्याची होती. हिशेब त्याला शिकवायची गरज होती का? सुरुवातीला तो जिंकत होता म्हणे. वय, अक्कल, डिग्री यांचा इथे काही संबंध नाही.

इतकं करूनही पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० लावायचा. एकमेकांना दोष नंतर द्या. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर पळवतात, लवकर कळवलं तर मधल्या एखाद्या बँकेत अडवता येतात. यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, ती मी इथून भरते. आणि नंतर 'तुमचे गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल' म्हणणारा फोन आला तर तो त्याच टोळीतला समजा.

मी २० तारखेला येते आहे, तेव्हा खातं आणि एफएसएसएआय दोन्ही उरकू. तोवर कामठीच्या साहेबांना कळवा, घरी येऊन रोख द्या आणि वड्या घेऊन जा. पाकिटांची छपाई इतवारीतच करा, नमुना हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि १४ आकडी नंबर मिळायच्या आधी छापूही नका, नाहीतर सगळी पाकिटं परत छापावी लागतील. तिखटाचा भाव आईने फारच कमी लावलाय, त्यावर समोरासमोर भांडू.

तुमची,
राणी