रोझाच्या पत्रांवरील माहितीपटासाठी आवाहन

ठाणेकर वाचकहो,

पोलंडमध्ये जन्मलेली समाजवादी क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग म्हटलं की सभा, तुरुंग आणि १५ जानेवारी १९१९ रोजी बर्लिनमध्ये झालेला तिचा खून आठवतो. पण ६ मार्च १८९९ रोजी हीच रोझा तिचा प्रियकर आणि चळवळीतला सहकारी लिओ योगिखेसला लिहिते, की आपलं छोटंसं घर असावं, आपलं स्वतःचं सामान, आपली पुस्तकं. शांतपणे काम करावं, सोबत फिरायला जावं, अधूनमधून ऑपेरा बघावा. आणि जमलं तर एखादं मूलही! आमच्या वाचनगटात हे पत्र वाचलं गेलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. जग बदलायला निघालेल्या बाईने संसार मागितला होता. तो तिला मिळाला नाही.

तिने लिओला पोलिशमध्ये लिहिलेली सुमारे हजार पत्रं उरली आहेत. त्याची उत्तरं मात्र जवळजवळ नाहीतच. पत्रांत तू फक्त कामाचंच लिहितोस, ही तिची तक्रार पुन्हापुन्हा येते. १९०७ मध्ये नातं तुटलं, पण चळवळीतली सोबत सुटली नाही. तिच्या खुनानंतर मारेकऱ्यांचा माग काढणारा लिओही दोन महिन्यांच्या आत, १० मार्च १९१९ रोजी, कोठडीत मारला गेला.

या पत्रांवर आम्ही ४० मिनिटांचा मराठी माहितीपट करतो आहोत. ठाण्यातल्या वेगवेगळ्या वयाच्या सात बायका पत्रं वाचतील. कुणी तलावपाळीवर, कुणी लोकलमध्ये, कुणी स्वतःच्या ओट्यापाशी. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी रोझा आणि लिओ यांनी पोलिश कामगारांसाठी वृत्तपत्र काढलं. हा योगायोग आम्हाला फार जवळचा वाटतो.

एकूण खर्च २ लाख ४० हजार रुपये आहे. सभासदांनी ९० हजार जमवले. उरलेल्यातला मोठा वाटा जुन्या छायाचित्रांच्या परवानग्या, ध्वनिमुद्रण आणि संकलन यांचा. शंभर रुपयेही चालतील, प्रत्येक रकमेची पावती मिळेल. हे काम कुठल्याही पक्षाचं नाही आणि पक्षांकडून आम्ही पैसे घेत नाही.

पैशाइतकीच गरज पोलिश जाणणाऱ्याची आहे. आमचा अनुवाद इंग्रजीवरून झाला आहे, त्यामुळे तो मुळाशी ताडून पाहायला हवा. एकच उदाहरण सांगते. रोझाने लिओला ठेवलेल्या लाडाच्या नावाचा उच्चार ‘जोजो’च्या अगदी जवळ जातो. मराठी कानाला तिथे पाळणाच ऐकू येतो! ते नाव तसंच ठेवावं की नाही, यावर आमच्यात दोन रविवार वाद झाला. माझं मत ठेवावं असंच आहे, पण पोलिश येणाऱ्याने सांगितलं तर बरं.

शिवाय नौपाडा किंवा चरईत कुणाचं जुनं घर असेल, तर त्यातली सकाळचं ऊन येणारी एक खोली दोन दिवसांसाठी हवी आहे. टेबल आम्ही आणू. सामान हलवलं तर जागच्या जागी ठेवून जाऊ.

आपली,
कार्यवाह, वाचनगट, नौपाडा, ठाणे