बॅगेचे भाडे आधी सांगा, मंत्रिमहोदय

माननीय विमान वाहतूक मंत्री,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात विमानतळाच्या गेटवरच्या लोखंडी चौकटीत माझी बॅग काही केल्या बसेना. चाकेच अडत होती. शेवटी जे पैसे भरले, ते तिकिटापेक्षा जास्त निघाले. माझ्या मागच्या गृहस्थांनी तेवढ्यात बॅगेतले दोन स्वेटर काढून अंगात चढवले. ते सुटले.

स्वस्त विमान कंपन्यांवर माझा राग नाही. त्यांची काटकसर खरी आहे. सगळी विमाने शक्यतो एकाच जातीची घेतली, की वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुटे भाग, दोन्हींचा खर्च उतरतो. पुढची ऐसपैस आसने काढली की एअरबस ए320 मध्ये 180 माणसे मावतात. दोन वर्ग ठेवणारी कंपनी साधारण दीडशेवर थांबते. 1972 मध्ये साउथवेस्ट या अमेरिकेतल्या स्वस्त विमान कंपनीला चारपैकी एक विमान विकावे लागले. उरलेल्या तिघांत चौघांचे वेळापत्रक बसवायचे म्हणून तिने उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायला सुरुवात केली! सुरक्षेचे नियम मात्र स्वस्त-महाग सगळ्यांना तेच.

फरक अंगावर येतो तो कनेक्टिंग फ्लाइट चुकल्यावर. जुन्या धाटणीच्या कंपनीच्या एकाच तिकिटावर दोन विमाने असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढच्या विमानात बसवून देणे तिचे काम. स्वस्त कंपनी बहुधा फक्त इथून तिथपर्यंतची फेरी विकते. दोन तिकिटे आपणच जोडली, तर बेल्टवरून सामान उचला, पुन्हा चेक-इन करा, आणि विमान गेलेच असेल तर दुसऱ्या तिकिटावर पाणी सोडा. हे बुकिंग करताना कुठे ठळक दिसते?

युरोपीय संघाच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमात विमान रद्द झाल्याची किंवा फार उशिरा पोहोचल्याची भरपाई अंतरावर ठरते, तिकीट कितीला घेतले यावर नाही. वादळासारख्या कारणांना सूट आहे, ती असावीच. पण तिकीट स्वस्त म्हणून प्रवाशाचा हक्कही स्वस्त, असे तिथे नाही. आपणही तसाच नियम करावा.

आणि भाडे जिथे पहिल्यांदा दिसते, त्याच पानावर केबिन बॅगेचे माप सेंटीमीटरमध्ये, चाके धरून, आणि तिचे पैसे दाखवणे सक्तीचे करावे. आठव्या क्लिकनंतर नव्हे.

आपला,
चाकांपायी दंड भरलेला एक प्रवासी