साहेब, क्रीडा संकुल नको, आमच्या वस्तीला एक पगारी कोच द्या (खुलं पत्र)

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, स.न.वि.वि.

पत्र तुमच्या नावाने लिहितोय खरं, पण यातलं निम्मं सांस्कृतिक खात्याचं आहे आणि थोडं नगरविकासचं पण, तेव्हा वाचून झालं की तिकडेही पाठवा, नाहीतर हे कागद पण आमच्यासारखेच या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतील.

मी जळगावचा. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, संध्याकाळी वस्तीतल्या पोरापोरींना खो-खो शिकवतो. खो-खोच का तर परवडतो म्हणून. दोन खांब गाडायचे, फक्कीने रेषा मारायच्या, झालं ग्राउंड. बूट नसले तरी चालतं, आमची निम्मी पोरं अनवाणीच पळतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात आमच्याकडे एकदम गर्दी वाढली, एक बारका रोज येऊन म्हणायचा, सर माले बी खेयानं शे, म्हणजे मला पण खेळायचंय. आता ती फायनल मॅटवर झाली आणि आमची पोरं ज्या मोकळ्या प्लॉटवर खेळतात तिथे पावसाळ्यात डबकं असतं आणि लग्नसराईत मंडप, ते असो.

मला मुख्य बोलायचंय ते वेळेबद्दल आणि माणसाबद्दल. सरकारी उन्हाळी शिबिरं मे महिन्यात लागतात. साहेब, मे मध्ये जळगाव भुसावळला पारा 45 च्या वर जातो हे सगळा महाराष्ट्र टीव्हीवर बघतो. तेव्हा आमच्याकडे खेळायची वेळ दोनच, पहाटे नाहीतर सूर्य बुडाल्यावर. पहाटे पोरं पेपर टाकतात, दुधाच्या पिशव्या पोचवतात, म्हणजे राहिली संध्याकाळ, आणि संध्याकाळी ग्राउंडवर लाईट नाही. संकुलात लाईट आहे, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिक्षाला रोज पैसे कुठून आणणार आणि पोरगी असेल तर आई एकटीला सोडते का तिकडे? शिबिर संपलं की टी-शर्ट आणि सर्टिफिकेट मिळतं, जूनमध्ये पोरगं पुन्हा टपरीवर. दहा दिवस शिकवून अकरा महिने वाऱ्यावर सोडायचं, याला ट्रेनिंग कसं म्हणायचं तुम्हीच सांगा.

पोरींचं तर अजून वेगळं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी ग्राउंडवर एकही पोरगी नसते, सगळ्या हंडे भरतात. मी आता प्रॅक्टिस पाण्याचा दिवस बघूनच ठेवतो. सातवी-आठवीनंतर पोरी हळूहळू यायच्या बंद होतात, घरचे म्हणतात अंधार पडतो, बाई नाही, बाथरूम नाही. चुकीचं काय बोलतात ते? एक लेडी कोच असती तर यातल्या निम्म्या थांबल्या असत्या असं मला ठाम वाटतं.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलतच नाही. शालेय स्पर्धा 14, 17, 19 वर्षांखालच्या असतात आणि एन्ट्री शाळा-कॉलेजातूनच जाते. बरोबर आहे, शालेयच त्या. पण आमच्यातला सगळ्यात चपळ पोरगा आठवीत शाळा सोडून एमआयडीसीत चटईच्या कंपनीत लागला, वय अजून 17 च्या आत आहे, पण शाळेत नाव नाही म्हणून तो या स्पर्धेत उतरूच शकत नाही. दहावी-बारावीचे वाढीव गुण नाहीत, आणि खेळाडूंना सरकारी नोकरीत जे 5 टक्के आरक्षण आहे त्या जिन्याची पहिली पायरीच त्याला नाही. वस्तीच्या टीमला, मंडळाच्या नावाने, शाळेच्या दाखल्याशिवाय खेळता येईल अशी जिल्हा स्पर्धा सुरू करा की. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल उभा केलाच ना, तिथली पोरं बाहेरच्या देशात जाऊन खेळून आली. तो एका माणसाने नादाने केला, सरकारने ठरवलं तर किती होईल.

आता कलेचं बोलतो. आमच्या खान्देशात लग्न म्हटलं की बँड आणि बँड म्हटलं की अहिराणी गाणी. वस्तीतली किती पोरं सीझनला बँडमध्ये ताशा, ढोल, झांज वाजवतात, एकाला तर कॅसिओवर कुठलंही गाणं एकदा ऐकलं की येतं. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, उत्सवाच्या वेळी याच गल्ल्यांत बायका रात्रभर गाणी म्हणतात, एक पण कागदावर बघून नाही. आणि आमच्याकडे सर्वेला आलेले लोक लिहून जातात की या भागात सांस्कृतिक वातावरणाचा अभाव आहे! वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे वातावरण भरपूर आहे, शिकवणारा माणूस आणि दरवाजा उघडा असलेली एक खोली नाहीये. दहावीला लोककलेचे पण वाढीव गुण मिळतात, पण त्याला मान्यताप्राप्त संस्थेचा कागद लागतो आणि बँडमालक काय कागद देणार. वहीगायन, म्हणजे आमच्याकडचं जुनं लोकगायन, करणारे म्हातारे अजून आहेत, त्यांना महिन्याचं मानधन देऊन वस्तीत बसवा, बघा किती पोरं जमतात. राज्य बालनाट्य स्पर्धेत आमच्या पोरांचं अहिराणी नाटक उतरवायचं माझं स्वप्न आहे, तालमीला जागा मिळाली तर.

पैसे नाहीत असं म्हणू नका. कायद्यात सगळं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान लिहिलंय, आणि सहावी ते आठवीला शंभरच्या वर पोरं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव याला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, द्यायचे असं पण लिहिलंय. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे जे 18 विषय दिले त्यात मैदानं आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, सांस्कृतिक विकास आहे. तुमच्याच खात्याची क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास योजना आहे. आम्ही चौकशीला एका ऑफिसात गेलो तर पहिला प्रश्न, जागेचा उतारा कुठाय? साहेब, ज्यांच्या राहत्या घराचा उतारा नाही ते मैदानाचा कुठून आणतील? परत आलो, आणि येताना बघितलं की चौकात नवीन ओपन जिम बसली होती. त्यावर सकाळी फिरायला येणारे काका लोक बसतात, बसू देत, पण दहा वर्षाच्या पोराने त्या लोखंडावर काय करायचं?

तर मागणी सरळ आहे. नवीन इमारतीचं भूमिपूजन एक वर्ष थांबवा आणि त्याच पैशात जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारच्या वस्त्यांमध्ये बारा महिने मानधनावर कोच द्या, जमल्यास त्याच भागातली, अहिराणी बोलणारी पोरं-पोरी घ्या, ज्यांनी खेळून सोडून दिलंय असे भरपूर आहेत आमच्याकडे. मानधन महिन्याच्या महिन्याला द्या, वर्षाने एकदम नको, माणूस टिकत नाही. मनपाच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवायचा एक आदेश काढा, दोन हॅलोजन लावा, वॉचमनला ओव्हरटाईम द्या. उताऱ्याच्या जागी शाळेचं किंवा नगरसेवकाचं पत्र चालेल असं करा.

पुढच्या दौऱ्यात जळगावला आलात तर या आमच्याकडे, सातनंतर या, आधी ऊन असतं. हारतुरे नकोत, येताना फक्कीची दोन पोती आणली तरी चालतील, आमची संपत आलीये.

आपला,
वस्तीतला एक खो-खोवाला, जळगाव