दाराला लटकलेली पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘परदेशी निघालेल्या मुलांनी तिथली भाषा शिकण्यात वेळ घालवू नये, ऑफिसात इंग्रजी चालतं, बाकीचं मोबाइल बघून घेतो,’ असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. माझा मुलगाही 6 वर्षं हेच म्हणत होता. मी सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये 32 वर्षं काढलेला माणूस. गेल्या उन्हाळ्यात 3 महिने त्याच्याकडे जर्मनीत, स्टुटगार्टला राहून आलो.

त्याच्या दाराच्या मुठीला अधूनमधून एक पाटी लटकलेली असायची. कुणीतरी चुकून लावतं म्हणून हा ती काढून जिन्याच्या कठड्याला अडकवून द्यायचा. मी एकदा अक्षरं जुळवत वाचलं: केरवोखं. म्हटलं, अरे, यात केर दिसतोय! तो हसला. मोबाइलमध्ये बघितलं, तर खरंच केर निघाला. ‘केरन’ म्हणजे झाडणे, ‘वोखं’ म्हणजे आठवडा. त्या भागातली जुनी रीत आहे ही. जिन्याची झाडलोट बिऱ्हाडकरूंनी पाळीपाळीने करायची, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. 6 वर्षं यांची पाळी समोरच्या म्हाताऱ्या बाई मुकाट्याने उरकत होत्या. आणि आमच्या घरात तक्रार काय, तर इथले लोक फटकून वागतात! मोबाइल तेव्हाही खिशात होताच की. पण त्याला काय विचारायचं, हे सुचायलासुद्धा थोडी भाषा कानावर पडलेली असावी लागते.

दुसऱ्या दिवशी मीच झाडू घेतला. बाई बाहेर आल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि वरून खाली झाडायचं, कठडाही पुसायचा, हे हातवारे करून मला शिकवलं. आमचा फोरमनही इतका कडक नव्हता.

सुनेची गोष्ट वेगळी. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, असणाऱ्याच्या बायकोला व्हिसासाठी ए-वन या जर्मनच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची सक्ती नसते, म्हणून ती एक शब्द न शिकता गेली आणि पहिलं वर्ष तिने खिडकीत काढलं. मग वर्गाला जाऊ लागली. जर्मन अवघड, असं सगळे म्हणतात; इंग्रजीतून शिकायला गेलं तर असेलही. ती मराठीवरून शिकली. आपलं तो-ती-ते, त्यांचं डेर-डी-डास. (सूर्य त्यांच्याकडे ‘ती’ आणि चंद्र ‘तो’, एवढं सांभाळायचं.) पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस, त्यांचंही तसंच, फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश. आता ती बी-वनला, म्हणजे तिसऱ्या पायरीला आहे.

2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी 10 हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. स्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. आयटीआयतून जाणाऱ्या फिटर-वायरमन पोरांच्या मदतीला तिथे ऑफिसची इंग्रजीसुद्धा नसणार. त्यांनी परीक्षेपुरतं घोकून विमानात बसू नये, एवढंच माझं सांगणं.

आणि एक, जरा टोचेल असं. इथे नाशकात अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या बिहारी पोराने वर्षभरात मराठी बोलावं म्हणून आपण हटून बसतो. बसावंच. माझा भाजीवाला गोरखपूरचा. ‘काका, मेथी आज गावठी आहे बरं का’ म्हणतो, तेव्हा मी भाव करत नाही. (खोटं कशाला बोलू, थोडा करतो.) पण आपलं पोरगं परक्या गावात 6 वर्षं मुकं राहिलं, तर तेच आपण ‘तिथे इंग्रजी चालतं’ म्हणून कौतुकाने सांगतो. मीही सांगत होतो, सिडकोतल्या कट्ट्यावर.

मुलगा आता मंगळवारी संध्याकाळी वर्गाला जातो. परवा फोनवर मध्येच म्हणाला, ‘बाबा, ठेवतो. आज शनिवार, जिना राहिलाय.’

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
सिडको, नाशिक