कोच व्हायचं म्हणतोस तर

कोलंबस, ओहायो

चि. निखिल, अनेक आशीर्वाद.

बी.पी.एड. करून इथे कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल, आपलं सॉकर नव्हे) कोच व्हायचा तुझा विचार ताईने फोनवर सांगितला. बातम्यांत हेड कोचचे लाखो डॉलर येतात, त्याखालच्या पायऱ्या येत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. त्याला सगळे 'जीए' म्हणतात. मास्टर्सला प्रवेश घ्यायचा. बहुतेक ठिकाणी फी माफ होते, वर थोडा भत्ता. काम मुख्यतः व्हिडिओचं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे काही सामने घेऊन एकेक प्ले (आखलेली चाल) नोंदवायचा: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानावरच्या कोणत्या हॅशवर (खुणांच्या दोन ओळींपैकी कुठल्या), फॉर्मेशन म्हणजे खेळाडूंची मांडणी काय, पर्सोनेल म्हणजे कोणत्या प्रकारचे किती खेळाडू. पर्सोनेलचे दोन आकडे असतात, पहिला रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन पळणारा), दुसरा टाइट एंडचा (पुढच्या रांगेच्या, म्हणजे लाइनच्या, टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा). '११' म्हणजे दोन्ही एकेक आणि रिसीव्हर (पास झेलणारे) तीन. '१२' म्हणजे टाइट एंड दोन, रिसीव्हरही दोनच. टाइट एंड लाइनपासून लांब जाऊन उभा राहिला की नवखा त्याला रिसीव्हर धरतो आणि '११' च्या जागी '१०' लिहितो. अशा नोंदी साचल्या की टक्केवारी बिघडते, आणि शनिवारच्या सामन्यात तिसऱ्या डाऊनला आपला डिफेन्स भलत्याच तयारीने उभा असतो. म्हणून उभं राहण्याची जागा पाहायची नाही, जर्सीचा नंबर पाहायचा.

दुसरं काम स्काउट टीमची कार्डं. राखीव खेळाडू सरावात प्रतिस्पर्ध्याचे प्ले खेळतात, ते प्ले जीए मोठ्या कार्डावर काढून देतो. कोणी कुठे पळायचं, कोणी कोणाला ब्लॉक करायचं (अडवायचं), हे लांबून एका नजरेत कळायला हवं. हंगामात खेळाडूंना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. कार्ड गिचमिड असेल तर प्ले परत खेळावा लागतो आणि तो वेळ भरून निघत नाही. मंगळवारी साधारण पहिला-दुसरा डाऊन, बुधवारी तिसरा, गुरुवारी शेवटचे २० यार्ड, असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

पुढे पोझिशन कोच (एका जागेच्या खेळाडूंचा), कोऑर्डिनेटर (सगळ्या ऑफेन्सचा किंवा डिफेन्सचा), मग हेड कोच. गाजलेले कोच निक सेबन यांचंच बघ. १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात जीए. मधे ओहायो स्टेटमधून १९८१ चा हंगाम संपल्यावर नारळ मिळाला. टोलेडोला हेड कोच झाले ते १९९० मध्ये. सात राष्ट्रीय विजेतेपदांपैकी पहिलं २००३ चं, एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात). बाकी सहा अलाबामात. एवढ्या मोठ्या माणसालाही सतरा वर्षं लागली, आणि तेवढ्यात गावं किती बदलली!

हेड कोच गेला की नवा येणारा आपली माणसं आणतो, मग असिस्टंटचं काम कितीही चोख असो. म्हणून नोकरी घेताना विद्यापीठाच्या नावापेक्षा हेड कोचची स्थिती बघावी, आणि करार मधेच मोडला तर किती पैसे मिळतील ते वाचूनच सही करावी. आता तर ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) आणि खेळाडूंना मिळणारे पैसे यांमुळे हंगाम संपल्यावरही मोकळीक राहत नाही.

तुझ्यापुढे आणखी एक अडचण आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. जीएचं हंगामातलं काम त्यात मावत नाही. अर्ज करताना हा प्रश्न विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे.

तोवर कुठलाही एक सामना घे आणि चेंडू सोडून फक्त ऑफेन्सिव्ह लाइनचे (चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेतले) पाच जण बघ. प्रत्येक प्ले रन (चेंडू घेऊन पळणं) की पास (फेकणं), त्यांच्या पहिल्या पावलावरून वहीत लिही, मग ताडून बघ. वहीची पानं मला पाठव.

ताई-भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा