गुलमर्गला निघण्याआधी

इंदूर, १७ जानेवारी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला रामबागेत काकूंकडे तिळगूळ घ्यायला गेलो, तेव्हा कळलं की बडोद्याच्या मित्रांबरोबर तू फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला निघाला आहेस आणि या वेळी आखलेल्या उतारांबाहेर, अफरवत डोंगरावर भटकायचा बेत आहे. ऐकून फार आनंद झाला. फोनवर हे सगळं धड बोलून होणार नाही, म्हणून लिहितोय.

काकूंना तू म्हणालास, ‘हवा चांगली बघूनच वर जाऊ.’ माझी हिमस्खलनाची काळजी तिथेच आहे. मोठा बर्फ पडून गेला, ऊन आलं, आकाश निळंशार झालं की सगळे वर धावतात. नव्या बर्फाचा भार तेव्हा खालच्या थरांना अजून पेललेला नसतो. पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट. आणि वारा असला तर नवा बर्फ पडायचीही गरज नसते. डोंगराच्या धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून वारा पलीकडच्या उतारावर नेऊन रचतो.

मनालीच्या कोर्सला आम्हाला बर्फात खड्डा खणायला लावला होता. एक भिंत साफ करून बोटं रोवत खाली गेलो. वर मऊ, मग बोट शिरणार नाही इतका घट्ट थर आणि जमिनीजवळ एकदम हात आत गेला. मुठीत आले ते जाड साखरेसारखे सुटे दाणे, कितीही दाबले तरी गोळा होईना. मोसमाच्या सुरुवातीला बर्फ पातळ, खाली जमिनीची ऊब, वर कडाक्याची थंडी असली की तळाचा बर्फ असा होतो आणि पुढे कित्येक आठवडे तसाच राहतो. मग सरांनी भिंतीतून एक खांब कापून सुटा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारायला लागले: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांद्यापर्यंत जायची वेळच आली नाही. कोपराच्या थापांनीच वरचा अख्खा ठोकळा सरकून पुढे आला. बर्फावर उभं राहताना मला तो ठोकळा आजही आठवतो.

असा थर सुटतो तो बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, आणि स्कीइंगची खरी मजाही त्याच उतारांवर. हिमस्खलनात जे सापडतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत बर्फ त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच सुटवलेला असतो. पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ बसला किंवा स्कीपुढे भेगा पळाल्या तर चर्चा नको, मागे फिरा. तीव्र उताराच्या पायथ्याशी सपाटीवर थांबू नका. तिथूनही वरचा बर्फ सुटू शकतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवरच पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात दगावले.

बीकन (गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, एकाकडे असून भागत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही, शेजारचा मित्रच खणतो. म्हणून जायच्या आधी बडोद्यातच एखाद्या मैदानात बीकन लपवून शोधायचा सराव करा. वर गेल्यावर मोबाईल बीकनपासून लांब ठेवा, नाहीतर सिग्नल बिघडतो. धोक्याचा उतार एका वेळी एकानेच उतरायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज बघच, पण तो मोठ्या भागासाठी असतो, तुझ्या समोरच्या उतारासाठी नाही. त्यासाठी गाईडला विचार: यंदा तळाला दाणे आहेत का, कोणत्या दिशेच्या उतारांवर, शेवटचा खड्डा कधी खणला? ‘काही होत नाही साहेब’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा गाईड बघ. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे, अर्धा मी देतो.

काकूंशी यातलं काही बोललो नाही. त्या विचारत होत्या, जाड मोजे विणून पाठवू का म्हणून. हो म्हण त्यांना. आणि गाईड काय म्हणाला ते तिकिटं काढायच्या आधी मला कळव.

तुझा,
नंदू