तिसाच्या आत पट, दहा हजारात शाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी भागातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीचा, मी अध्यक्ष होतो. मुदत संपली, पण नातू तिथंच तिसरीत आहे, म्हणून शाळेत जाणं-येणं सुटलेलं नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या वार्षिक खर्चाला जे अनुदान मिळतं, त्याबद्दल थोडं लिहायचं आहे.

हे अनुदान पटावर ठरतं. मुलं ३० पर्यंत असली तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० असली तर २५ हजार. आमचा पट बत्तीस होता. एका घरातली तीन भावंडं आईबापाबरोबर बेळगावला गेली. बापाला उद्यमबागेत फौंड्रीत काम लागलं. त्याचं भलं झालं, शाळेचे मात्र १५ हजार गेले. खोल्या होत्या तेवढ्याच आहेत, कौलं तेवढीच, संडास तेवढेच. पाऊस काही पट बघून पडत नाही.

आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे कणकुंबी-जांबोटीचा. मे महिन्यात शाकारणी झाली नाही तर जूनमध्ये पहिली ते तिसरीची नलीकलीची (खेळत शिकायच्या पद्धतीची) कार्डं भिजतात, मुलं भिंतीकडेला सरकून बसतात. फुटकी कौलं बदलायची, कुजलेल्या रीपा काढायच्या, वर चढणाऱ्या माणसांची मजुरी द्यायची. यातच निम्मे पैसे जातात. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, कुलूप. शिवाय किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असा नियम. दहा हजाराचे दहा टक्के म्हणजे हजार रुपये, ते फिनेल आणि झाडूतच संपतात. संडास धुवायला आमच्या शाळेला माणूस नाही. कोण धुतं ते विचारू नका.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर २०२३ ला मुख्यमंत्र्यांनी सरकारी शाळांना वीज आणि पाणी मोफत देण्याची घोषणा केली, ती चांगलीच होती. त्याआधी २०२२ मध्ये पालकांकडून महिन्याला १०० रुपये देणगी घ्यायला एसडीएमसींना मुभा देणारं परिपत्रक निघालं होतं. ओरड झाल्यावर ते मागं घेतलं. पण वर्गणी थांबली कुठं? आम्ही गावच्या पंचांकडे जातो, गणपतीला आलेल्या मुंबईकरांना गाठतो. गेल्या खेपेला दोन वासे असेच मिळाले.

समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. त्यामुळे विचारायला गेलं की एक जण दिल्लीकडे बोट दाखवतो, दुसरा बेंगळुरूकडे. कुणी आम्हाला महाराष्ट्राकडे मागा म्हणतात. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. शाळा कर्नाटक सरकारची आहे, छप्परही त्यांचंच.

माझं म्हणणं एवढंच : पट कितीही असो, प्रत्येक शाळेला खोल्यांच्या हिशेबानं एक ठरावीक रक्कम द्यावी आणि पटाप्रमाणे मिळणारी त्यावर द्यावी. पश्चिम घाटाकडच्या शाळांना शाकारणीचा खर्च वेगळा धरावा. आमच्या वेळी पैसे दिवाळीनंतर हाती यायचे, तोवर पावसाळा संपलेला असायचा. ते एप्रिलअखेर जमा व्हावेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आमच्याकडे कौलांवर चढायला माणूस मिळत नाही, सगळे आपापल्या घरांच्या शाकारणीत असतात.

आपला,
एक माजी एसडीएमसी अध्यक्ष,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव